येळवस: अख्खं लातूर शेतात जेवायला का जातं, आणि तुम्हीही एकदा का जावं?

वर्षातून एक दिवस असा येतो, की लातूरच्या गंजगोलाईत भर दुपारी पोरांनी क्रिकेटचा डाव मांडला तरी कुणी हॉर्न वाजवणार नाही. दुकानांची शटर खाली, रिक्षा गायब, चहाची टपरी शोधावी लागते. बाहेरगावचा माणूस त्या दिवशी स्टँडवर उतरला तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज कशाचा बंद आहे?"

बंद कशाचाच नसतो. त्या दिवशी येळवस असते आणि शहर शेतात जेवायला गेलेलं असतं.

'फूड फेस्टिव्हल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टॉल, कूपन, रांगा आणि मोठ्या आवाजातली गाणी येतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, आणि नांदेडच्या लातूरला लागून असलेल्या भागात, खाण्याचा सगळ्यात मोठा उत्सव मात्र तिकीट आणि स्टॉलशिवाय होतो. लातूरमध्ये तर जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. जेवायला जाण्यासाठी सरकारी सुट्टी मिळणारे जिल्हे महाराष्ट्रात फार नसावेत.

तर या उत्सवाला गेल्यानं नेमकं काय मिळतं, ते जरा सविस्तर बघू. त्यासोबतच नांदेड-लातूर पट्ट्यात वर्षभरात अजून कुठे जाता येईल तेही बघू.

येळवस म्हणजे काय?

कॅलेंडरवर या दिवसाला 'वेळा अमावस्या' किंवा 'दर्शवेळा अमावस्या' असं लिहिलेलं असतं. बोलताना सगळे येळवसच म्हणतात. मार्गशीर्ष महिन्याची ही अमावस्या डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. शेतात रब्बीची पिकं उभी असतात. ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तूर काढणीच्या बेतात असते आणि थंडी चांगली जमलेली असते.

सकाळी घरातली मंडळी जेवणाची टोपली आणि आंबिलानं भरलेलं बिंदगं, म्हणजे मातीचं भांडं, घेऊन शेतात जातात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते. कोप म्हणजे छोटी, तिरक्या पेंढ्या लावून उभी केलेली झोपडी. तिच्या आत पाच दगड मांडतात. त्यांना पांडव म्हणतात. पूजा होते, नैवेद्य होतो आणि मग आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी मारतात. ज्या काळ्या आईनं पिकवलं, तिला पहिला घास द्यायचा, अशी त्यामागची समजूत. त्यानंतर पंगत बसते. संध्याकाळी बऱ्याच गावांत कडब्याची पेंढी पेटवून 'हेंडगा' फिरवतात आणि मग घरी परततात.

नावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर कर्नाटकात, म्हणजे बिदर-कलबुर्गीकडे, याच दिवशी 'एळ्ळ अमावस्या' असते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. 'एळु' म्हणजे सात, म्हणून ही सातवी अमावस्या, असंही काही जण सांगतात. तिकडेही शेतात जेवण असतं, भज्जी असते आणि पिकावर नैवेद्य शिंपडतात. त्याला तिकडे 'चरग' म्हणतात. लातूरकर बाजरीला 'सजगुरा' म्हणतो आणि कन्नडमध्ये बाजरीला 'सज्जे' म्हणतात. हे नातं ऐकायला भाषेचा प्राध्यापक लागत नाही.

यात नवल काही नाही. हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं एकाच राज्यात राहायची. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. नांदेडचं किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सीमा नकाशावर बदलल्या. ताटात त्या अजूनही जुन्याच आहेत.

ताटात काय असतं?

आता मुद्द्याचं.

सगळ्यात आधी आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवतात. त्यात वाटलेला लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालतात. चव आंबट, तिखट आणि लसणाच्या वासाची. मातीच्या भांड्यात ती थंडगार राहते. पहिल्यांदा पिणाऱ्यानं अर्ध्या पेल्यावर थांबावं असा सल्ला मिळतो आणि तो सहसा कुणी ऐकत नाही. दुपारी कोपीच्या सावलीत जी झोप लागते, तिचं निम्मं श्रेय आंबिलाचं असतं.

मग भज्जी. नाव ऐकून कांदाभजी समजू नका. ही भाजी आहे आणि ती पातळसर असते. ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, वांगं, गाजर असं जे जे त्या वेळी शेतात आणि बाजारात असेल ते सगळं एकत्र शिजवतात. त्यात बेसन कालवून लावतात, चिंचेचा कोळ घालतात, वर लसणाची फोडणी देतात. प्रत्येक घराची यादी वेगळी आणि प्रत्येकाला आपल्या आईचीच यादी बरोबर वाटते. कुणाकडे सोळा जिन्नस, कुणाकडे त्याहून जास्त. दोन शेतांवरची भज्जी सारखी लागली तर काहीतरी गडबड आहे असं समजा.

भज्जीसोबत सजगुऱ्याचे उंडे. बाजरीचं पीठ मळून, गोळे करून वाफवतात. उंडा कुस्करायचा, त्यावर भज्जी ओतायची आणि हातानं खायचं. चमचा मागितला तर मिळेल, पण बाजूचा पोरगा हसेल. शिवाय ज्वारीची भाकरी, धपाटे, तिळाची पोळी, शेंगदाण्याच्या कुटाची पोळी आणि गव्हाची खीर. पोटात जागा उरलीच तर ओला हरभरा तिथेच भाजून त्याचा हुळा करतात, बोरं असतात, उसाचं कांडं असतं.

इथे पहिला फायदा दिसतो. एरवी हॉटेलात 'मराठवाडी थाळी' मागवली, की शेवभाजी आणि लाल तर्री समोर येते. ती चवीला चांगलीच असते, पण तिच्यावरून या भागाच्या जेवणाचा अंदाज बांधला तर चुकीचा बांधला जाईल. इथलं रोजचं आणि सणाचं जेवण ज्वारी, बाजरी, डाळी, तीळ, शेंगदाणे आणि ताक यांच्यावर उभं आहे. उंडे आणि आंबील हॉटेलच्या मेन्यूवर सहसा नसतात. त्यासाठी कुणाच्या तरी शेतावरच जावं लागतं.

भज्जी ही शेताची यादी आहे

हा भाग नीट वाचा, कारण येळवसला जाण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण यात आहे.

भज्जीत जे पडतं ते कुणी पाककृतीच्या पुस्तकातून ठरवलेलं नाही. मार्गशीर्षात शेतात एकाच वेळी जे हिरवं असायचं, ते तिच्यात पडायचं. म्हणजे भज्जीचं भांडं हा त्या शेतातल्या पिकांचा हजेरीपट होता. ज्याच्या शेतात ज्वारीसोबत तूर, हरभरा, करडई, जवस, बांधावर तीळ-पावटा, विहिरीजवळ मेथी-कांदा, अशी दहा-पंधरा पिकं असायची, त्याला येळवसच्या आदल्या दिवशी बाजारात जायची गरज नव्हती. फार तर मीठ आणायचं.

आता काय होतं? खरिपात लातूर जिल्ह्याचं बरंचसं शिवार सोयाबीनचं असतं. लातूर हा सोयाबीनच्या व्यापाराचा मोठा अड्डा आहे. तेल गिरण्या इथे आहेत आणि इथल्या भावाकडे आजूबाजूच्या जिल्ह्यांचं लक्ष असतं. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, दिवाळीच्या आसपास हातात पैसा देतं आणि मळणी यंत्रावर लवकर मोकळं होतं. ज्वारीला राखण लागते, काढणीला मजूर लागतात, पाखरं वेगळी. शेतकऱ्यानं सोयाबीन का निवडलं हे समजायला एवढं पुरेसं आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण डिसेंबरमध्ये सोयाबीनचं शेत भज्जीला काही देत नाही. सोयाबीननंतर हरभरा पेरतात, तेवढा हिरवा हरभरा मिळतो. तूर दोन-चार तासांपुरती उरते. पावटा, करडईची भाजी, बांधावरचे तीळ कमी होत गेले. म्हणून आता येळवसच्या आदल्या दिवशी लातूरच्या भाजी बाजारात गर्दी होते आणि शेतातला सण साजरा करायला शेतकरीच ओले दाणे विकत घेतो. कोपीचंही तसंच. खरीप ज्वारी कमी झाली तसा कडबा महाग झाला. काही शेतांत कोपीवर आता उसाचं पाचट, जुनी साडी किंवा शेडनेट दिसतं.

सण जोरात आहे, गर्दी वाढतेय, रील्स तर विचारूच नका. भांड्यातली यादी मात्र शेतातून बाजारात सरकली आहे. येळवसला गेलात तर जेवताना यजमानाला एवढंच विचारा, "यातलं आपल्या रानातलं काय काय आहे?" उत्तर ऐकण्यासारखं असतं. आजी असेल तर ती तिच्या काळातली पिकं बोटावर मोजते आणि नातू मोबाइल बाजूला ठेवून ऐकतो, कारण त्यातली दोन-तीन नावं त्यानंही ऐकलेली नसतात.

याला एक आशेची बाजू आहे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. भौगोलिक मानांकन म्हणजे त्या नावानं माल विकण्याचा हक्क त्या भागातल्या नोंदणीकृत उत्पादकांपुरता ठेवणं. गंमत बघा, चिंच भज्जीत जाते, तूर भज्जीत जाते, कोथिंबीर आंबिलात जाते. सरकारी शिक्का मिळालेल्या तिन्ही गोष्टी येळवसच्या एका पंगतीत बसतात. पण नुसत्या शिक्क्यानं पीक टिकत नाही, नाव घेऊन मागणारं गिऱ्हाईकही लागतं. शेतावर जेवून आलेला माणूस दुकानात 'तूरडाळ द्या' म्हणण्याऐवजी 'बोरसुरीची आहे का' असं विचारायला लागतो. हा फायदा जेवणाऱ्याचा आहे तसा पिकवणाऱ्याचाही आहे.

आणि तब्येतीचं काय?

एक दिवस शेतात जेवल्यानं कुणाची तब्येत सुधारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'आंबील प्या, पन्नास आजार पळवा' छापाच्या पोस्ट फॉरवर्ड करू नका. पण हे ताट पोषणाच्या अंगानं बघण्यासारखं नक्की आहे.

ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळींमध्ये भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी असतं, ते तिळात चांगलं असतं. म्हणजे उंडा, भज्जी आणि तिळाची पोळी एका ताटात आली की एकाची कमी दुसरा भरून काढतो. पीठ ताकात आंबवल्यावर धान्यातला फायटेट नावाचा पदार्थ कमी होतो. हा फायटेट लोह शरीरात शोषू देत नाही. चिंच आणि बोरांचा आंबटपणाही लोह शोषायला मदत करतो.

हे महत्त्वाचं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात रोजच्या जेवणात किमान आठ अन्नगट असावेत असं सांगितलंय. येळवसच्या ताटात धान्य, डाळी, पालेभाजी, फळभाजी, कंद, तेलबिया, दूध-ताक आणि फळ असे आठ गट मोजता येतात. मी मोजले, तुम्हीही मोजा. रोजच्या डब्यातले मोजले तर बऱ्याचदा गाडी तीन-चारवर थांबते.

ताट एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं खाल्लं की तक्त्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, एवढाच माझा दावा आहे. आणि हो, इतक्या डाळी, कच्चा हरभरा आणि आंबील एकाच दुपारी खाल्ल्यावर पोट थोडं कुरकुर करणार. तेही गृहीत धरा.

पण माझं शेत नाही, मी जाऊ कुठे?

हा प्रश्न लातूरमध्ये हजारो पोरांना पडतो. 'लातूर पॅटर्न'च्या नावानं शिकायला आलेले विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी, भाड्यानं राहणारी कुटुंबं. येळवसच्या दिवशी मेसवाल्या काकूही शेतात असतात, म्हणजे रूमवर बसलात तर मॅगीच.

रीत अशी आहे की ज्याचं शेत आहे त्यानं ज्याचं नाही त्याला बोलवायचं. घरमालक भाडेकरूला बोलावतो, कार्यालयातला सहकारी साहेबांना बोलावतो, वर्गमित्र अख्ख्या रूमला बोलावतो. शेजारी मुस्लिम असो, जैन असो, पंगतीत असतो. एका दिवसात तीन-चार शेतं करणारे लोक आहेत आणि ते प्रत्येक ठिकाणी 'फक्त चव बघतो' म्हणूनच सुरुवात करतात. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवणारेही भेटतात. तरी अनोळखी शेतात थेट घुसू नका. दोन-तीन दिवस आधी कुणाला तरी "यंदा तुमच्या शेतात येऊ का?" असं सरळ विचारा. या प्रश्नाला नकार देणारा लातूरकर शोधून सापडणार नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर लेख जाहिरात होईल. 'येळवसला सगळं गाव एका पंगतीत बसतं' असं वाक्य दरवर्षी बातम्यांत येतं. निमंत्रण ओळखीतून जातं आणि ओळखी जातीच्या, भावकीच्या, वाड्याच्या हद्दीत फिरतात. ज्यानं त्या शेतात वर्षभर मजुरी केली, तो आणि त्याची बायको पंगतीत पाहुणे असतात की वाढपी, हे शेतागणिक बदलतं. गेलात तर हेही डोळे उघडे ठेवून बघा.

आणि स्वयंपाक. दाणे सोलणं, पीठ दळून आणणं, आंबील लावणं हे दोन दिवस आधी सुरू होतं. येळवसच्या दिवशी घरातल्या बायका पहाटे तीन-चारला उठलेल्या असतात. उत्सव सगळ्यांचा आणि काम निम्म्यांचं, असा हा हिशेब आहे. पाहुणे म्हणून जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी शेंगा सोलायला जाऊन बसा. गप्पांचा खरा फड तिथेच असतो आणि भज्जीचं खरं प्रमाणही तिथेच कळतं. रिकाम्या हातानं जाऊ नका. पंगतीनंतर पत्रावळी उचला. शेतात प्लास्टिकचे पेले टाकून येणाऱ्यांना पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही आणि ते बरोबरच आहे.

रील करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. हरभऱ्यात उभं राहून व्हिडिओ करू नका. एक तर पीक तुडवलं जातं. दुसरं म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. हा आंबट द्राव पायाला चरचरतो आणि पांढऱ्या बुटांचं काय होतं ते घरी आल्यावर कळतं.

येळवस हुकली तर? पावसाळ्यात रानभाज्या आहेत

ज्यांना स्टॉल आणि मैदानवाला उत्सवच हवा, त्यांच्यासाठी ऑगस्टमधला रानभाजी महोत्सव आहे. राज्याच्या कृषी विभागानं २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्तानं जिल्ह्या-जिल्ह्यांत आणि तालुक्यांत हे महोत्सव सुरू केले. कृषी विभाग आणि त्याची 'आत्मा' ही यंत्रणा ते भरवते. आत्मा म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. नाव सुंदर जमलंय त्यांचं.

या महोत्सवासाठी नांदेड जिल्हा जास्त श्रीमंत आहे. किनवट आणि माहूर तालुक्यांत जंगल आहे, गोंड, कोलाम, आंध, प्रधान या समाजांची गावं आहेत आणि रानातून भाजी ओळखून आणण्याची सवय अजून जिवंत आहे. करटुली, तरोटा, पाथरी, घोळ, चिवळ, कुरडू, आघाडा, अंबाडी, केना अशी नावं एका टेबलावर मांडलेली दिसतात. यातल्या निम्म्या भाज्या आपण तण म्हणून उपटून फेकतो.

इथे जाण्याचा मोठा फायदा म्हणजे ओळख. रानभाजी पुस्तकातल्या फोटोवरून ओळखणं धोक्याचं असतं, कारण सारख्या दिसणाऱ्या वनस्पती असतात आणि काही विषारी असतात. महोत्सवात जी बाई भाजी घेऊन बसलेली असते, ती पान उलटं करून, देठ मोडून, वास देऊन दाखवते. कोणती आधी उकळून पाणी टाकायची, कोणती फक्त कोवळी असतानाच खायची, हे तिला तोंडपाठ असतं. काही पानांत ऑक्सॅलेट जास्त असतं, म्हणून त्यांचं उकळलेलं पाणी फेकतात. तिला 'ऑक्सॅलेट' हा शब्द माहीत नसेल, पण पाणी का फेकायचं ते माहीत आहे. घासाघीस करू नका. दहा रुपयांची जुडी पाचला मागणं आणि मग चारशे रुपयांचा पिझ्झा मागवणं, हे आपण सगळेच करतो, निदान त्या दिवशी नको.

बचत गटांची जिल्हा पातळीवरची प्रदर्शनंही अशीच उपयोगाची. तिथे जवसाची आणि कारळाची चटणी, सांडगे, कुरडया, ज्वारीचे पापड मिळतात. पाकिटावर गटाचा फोन नंबर असतो. तो सेव्ह केलात तर वर्षभराची सोय होते आणि मधला दलाल वगळला जातो.

नांदेडला निघालाच असाल तर

येळवसच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, नांदेडपासून साधारण ५५-६० किलोमीटर. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, कुस्त्या, लावणी आणि शेतीचं प्रदर्शन हे सगळं तिथे असतं. खास खाण्यासाठीची यात्रा नाही ही, पण गरम जिलेबी आणि भजी हातात घेऊन घोड्यांचा बाजार बघण्यात जी मजा आहे ती मॉलमध्ये नाही. आदल्या दिवशी माळेगाव आणि दुसऱ्या दिवशी लातूरकडे येळवस, अशी दोन दिवसांची ट्रिप सहज जमते.

नांदेड शहरात सचखंड हुजूर साहिबचं लंगर आहे. गुरू गोबिंदसिंगजींचं शेवटचं वास्तव्य १७०८ मध्ये इथेच होतं. लंगर हा उत्सव नाही, ती रोजची सेवा आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. पण अनोळखी माणसाच्या शेजारी जमिनीवर बसून जेवण्याची सवय नसेल, तर येळवसच्या आधी ती इथे करून घेता येते. जेवण झाल्यावर भांडी घासायला उभे राहिलात तर कुणी अडवत नाही.

तारीख शोधताना एक घोळ टाळा

शेवटी कामाची माहिती. गुगलवर 'मार्गशीर्ष अमावस्या' टाकून तिकीट काढू नका. उत्तर भारतातल्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला संपतो. त्यामुळे हिंदी साइटवर जी मार्गशीर्ष अमावस्या दिसते ती आपल्या येळवसच्या एक महिना आधी येते. २०२५ मध्ये हिंदी पंचांगाची मार्गशीर्ष अमावस्या २० नोव्हेंबरला होती आणि येळवस १९ डिसेंबरला. आपली येळवस तिकडे 'पौष अमावस्या' म्हणून दिसते. त्यामुळे मराठी कॅलेंडरच बघा आणि 'वेळा अमावस्या' किंवा 'दर्शवेळा अमावस्या' असे शब्द शोधा.

तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोन येळवस आल्या, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. याउलट २०२६ या इंग्रजी वर्षात एकही येत नाही. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यानं पुढचे सगळे सण लांबतात आणि येळवस थेट जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात जाते. सकाळी दहाच्या आत शेतावर पोहोचा, कारण पूजा आणि आंबील शिंपडणं त्यानंतर होतं. त्या दिवशी शहरातून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि संध्याकाळसाठी स्वेटर ठेवा. सकाळचा नाष्टा मात्र करू नका.